गळा धरायचा नाही! कबड्डीचे पंच आणि खेळाडूंच्या सुरक्षेचा इतिहास : महाड-पोलादपूरच्या मातीतून

#थ्रेड

१/१८
कबड्डीच्या नियमपुस्तकात एक छोटेसे कलम आहे. चढाई करणाऱ्याला धरायचे ते हातापायांना किंवा धडाला. तोंड दाबून, गळा आवळून, केस किंवा कपडे ओढून अथवा पायांची कैची घालून त्याला अडवले, तर तो बाद ठरत नाही. आज हे कलम इतके स्वाभाविक वाटते की त्याला इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण मुळात हे लिहून ठेवण्याची वेळ का आली? गळ्यावर हात पडला की नाही, हे सांगण्याचा अधिकार कोणाला मिळाला? आणि तो अधिकार दऱ्याखोऱ्यांतल्या मैदानापर्यंत कसा पोहोचला? सह्याद्रीच्या पायथ्याच्या महाड-पोलादपूर परिसरातून या प्रश्नांकडे पाहिले, तर एका खेळाचा आणि त्याबरोबर नियम नावाच्या गोष्टीचाही इतिहास उलगडतो.

२/१८
आधी भूगोल. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे खाडीला मिळते. एका बाजूला आंबेनळी घाट, दुसऱ्या बाजूला कशेडी, उत्तरेला रायगड किल्ला. जमीन थोडी, पाऊस अफाट आणि पीक मुख्यतः भाताचे. भाताची कापणी-झोडणी आटोपली की खाचरे रिकामी होतात आणि शेतकऱ्याच्या हातांना जरा उसंत मिळते. कोकणातला कबड्डीचा हंगाम याच सुमारास सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत रंगतो. माती चाळायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपून जमीन चोपायची आणि फक्कीने रेषा आखायच्या. ना बॅट, ना चेंडू, ना जाळी. साधन एकच, आपले शरीर. म्हणूनच खेळ स्वस्त आहे आणि नेमक्या त्याच कारणाने धोक्याचाही आहे. येथे आघात झेलायला मधे दुसरे काहीच नसते.

३/१८
महाराष्ट्रात या खेळाचे जुने नाव हुतूतू. दक्षिणेत चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु. जितके प्रांत तितकी नावे, आणि नावांइतकेच खेळण्याचे प्रकारही. 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी उठतो. 'गामिनी'त बाद झालेला गडी पूर्ण लोण चढेपर्यंत बाहेरच बसतो. 'अमर' प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजला जातो. एका गावात खेळ कसा चालायचा ते तेथील जाणत्यांना ठाऊक असे. शेजारच्या गावचा संघ आला की पहिला वाद नियमांवरूनच व्हायचा. लिखित नियमांची गरज प्रथम भासली ती येथे. आपसात खेळणाऱ्यांना रीत पुरेशी असते. परक्याशी खेळायचे, तर दोघांनाही मान्य असा कागद लागतो.

४/१८
या खेळाचा गाभा म्हणजे 'दम'. चढाई करणाऱ्याने आपल्याच अंगणात श्वास भरायचा, मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी घोष सुरू करायचा आणि परत येईपर्यंत तो एका श्वासात, स्पष्ट व सलग चालू ठेवायचा. घड्याळ नसलेल्या काळात चढाईची मुदत म्हणजे खेळाडूचे फुप्फुस. त्यात सुरक्षेचा एक नैसर्गिक उपायही दडला होता. सात जणांनी एकाला दाबून धरले, तरी ती झोंबाझोंबी एका श्वासापुरतीच चालायची. दम गेला की गडी बाद, पकड सोडायची. कुस्तीप्रमाणे चीतपट होईपर्यंत झगडायची गरज नव्हती. शरीराची मर्यादा हीच खेळाची मर्यादा होती.

५/१८
पण त्याच दमात मोह दडलेला होता. दम तुटला की गडी बाद, मग दम तोडण्याचा सर्वांत सोपा उपाय कोणता? तोंडावर हात, गळ्याभोवती दंड! ज्या तत्त्वाने खेळाला शिस्त दिली, त्यानेच सर्वांत घातक युक्तीला आमंत्रण दिले. त्यामुळे गळा आणि तोंड वर्ज्य ठरवणे हे दमाच्या नियमाचेच अटळ उत्तर होते. दम आणि गळ्याची मनाई ही जोडी आहे, एकीवाचून दुसरी टिकत नाही. मात्र यातून नवा प्रश्न उभा राहिला. गड्यांच्या ढिगाऱ्याखाली दबलेल्या खेळाडूचा आवाज आपोआप थांबला की कोणी दाबला? हे ठरवायला तीक्ष्ण कान हवा, जवळून पाहणारा डोळा हवा आणि त्या दोहोंच्या मागे दोन्ही संघांनी मानलेला अधिकार हवा. पंचाची खरी गरज येथून सुरू होते.

६/१८
नियम लिहिण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात सुरू झाले. १९१८ च्या सुमारास पुणे-सातारा भागात हुतूतूला ठरावीक चौकट देण्याचे प्रयत्न झाले. १९२३ साली बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने भरवलेल्या सामन्यांच्या निमित्ताने नियम छापील रूपात आले. पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत सुधारणा केल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत हा खेळही होता. मैदानाची लांबी-रुंदी, गड्यांची संख्या, सामन्याचा वेळ, बाद होण्याच्या अटी हे सारे कागदावर आले. कागद मात्र स्वतः मैदानात उतरत नाही.

७/१८
कागदावरचा नियम आणि जमिनीवरचा नियम यांतले अंतर महाडला सांगायची गरज नाही. ज्या १९२३ मध्ये बडोद्यात हुतूतूचे नियम छापले गेले, त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नियम झाला, पण पाणी कोणी पिऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. हा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत १९३७ साल उजाडले. ठराव ते न्यायनिवाडा हे अंतर चौदा वर्षांचे ठरले.

८/१८
मानवी हक्काचा संग्राम आणि मैदानातला खेळ यांची तुलना होऊ शकत नाही, आणि करूही नये. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. एकाच दशकात, एकाच प्रांतात लोक नियम लिहीत होते आणि नियम लिहिल्याने तो लागू होत नाही, हेही अनुभवत होते. नियमाला जिवंत करणारी व्यवस्था लागते. तळ्याच्या प्रश्नात ती व्यवस्था उभी करायला सत्याग्रह आणि न्यायालय लागले. खेळात ती भूमिका पंचाकडे आली. कबड्डी तर स्पर्शाचाच खेळ. स्पर्श झाला की नाही यावर प्रत्येक गुण ठरतो. ज्या समाजात स्पर्शावरून माणसांची प्रतवारी होत होती, तेथे स्पर्शाचा निवाडा निःपक्षपातीपणे करणारा माणूस उभा करणे, ही लहान बाब नव्हती.

९/१८
मराठी मैदानाने या अधिकाऱ्यांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत : पंच आणि सरपंच. ही दोन्ही नावे गावगाड्यातून आली. पाच जणांच्या निवाड्याला मान देण्याची जुनी रीत खेळात उतरली. कबड्डीत दोन पंच दोन बाजूंच्या रेषांवर असतात, त्यांच्यावर सरपंच, शिवाय एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक. सामान्यतः पंचाचा निर्णय अंतिम. दोन पंचांत मतभेद झाला, तर सरपंच निर्णय देतो. साहाय्यक गुणलेखक अंतिम रेषेवर लक्ष ठेवतात आणि बाद गडी कोणत्या क्रमाने बसले आहेत, याची नोंद ठेवतात, कारण उठण्याचा क्रमही तोच असतो. एका चौदा गड्यांच्या खेळाला सहा अधिकारी! हा आकडाच सांगतो की या खेळात एका माणसाच्या नजरेवर विसंबून चालत नाही.

१०/१८
महाड-पोलादपूरचा या घडामोडींशी संबंध मुंबईमार्गे येतो. शेती पोट भरण्याइतकी नसल्याने या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली. गिरण्या, गोदी, कारखाने. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या झाल्या, व्यायामशाळा झाल्या, कबड्डीचे संघ झाले. होळी-गणपतीला गावी येणारा चाकरमानी केवळ मिठाई आणत नव्हता. शहरातल्या स्पर्धेत शिकलेली पकडही तो बरोबर आणत होता, आणि 'हे नियमात बसत नाही' असे ठामपणे सांगण्याची सवयही. दरम्यान वरच्या पातळीवर १९३८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत खेळाला स्थान मिळाले, १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कोलकात्याला भरली.

११/१८
नियमांच्या प्रसाराचा पुढचा टप्पा महाविद्यालयांचा. १९६१ मध्ये भारतीय विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने कबड्डीचा समावेश केला. पुढच्याच वर्षी शालेय स्पर्धांतही तिला स्थान मिळाले. योगायोग असा की, १९६१ मध्येच डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय महाडला सुरू झाले. विद्यापीठीय कबड्डीने एक मूलभूत बदल केला. गावच्या सामन्यात पंच हा ओळखीचा माणूस असायचा. कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी शेजारी. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात तो अनोळखी, नेमलेला आणि एका लिखित नियमाला बांधील असा आला. १९७१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेने प्रशिक्षकांच्या पदविका अभ्यासक्रमात कबड्डीचा समावेश केला. जाणत्याचे ज्ञान आता शिकवता आणि तपासता येण्याजोगे झाले.

१२/१८
सुरक्षेचे बरेचसे काम शिटी वाजण्यापूर्वीच होते. पहिला नियम वजनाचा. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पुरुषांसाठी ८५ किलो आणि महिलांसाठी ७५ किलो ही कमाल मर्यादा आहे. देहच साधन असलेल्या खेळात फार जड देह हे शस्त्र ठरते, म्हणून ही सीमा. दुसरा नखांचा. ती कापलेली हवीत. तिसरा दागिन्यांचा. अंगठी, कडे, साखळी काहीही चालत नाही. चौथा तेलाचा. अंगाला तेल किंवा कोणताही निसरडा पदार्थ लावायला मनाई. तेलाने पकड सुटते हा अन्याय, आणि सुटणारी पकड टिकवण्यासाठी बचावपटू अधिक जोर लावतो, हा धोका. न्याय आणि सुरक्षा येथे एकाच कलमात सांधल्या आहेत. नियमपुस्तक खेळाडूचे वजन विचारते, नखे पाहते. त्याची जात किंवा गाव विचारत नाही. महाडच्या संदर्भात या मौनाला मोठा अर्थ आहे.

१३/१८
आता प्रत्यक्ष झटापटीकडे. घोटापकड, मांडीपकड, कंबरपकड, दोघांनी हात गुंफून केलेली साखळी, या सर्व मान्य पकडी आहेत. त्यांच्यात आणि निषिद्ध पकडीत कधी कधी वीतभराचेच अंतर असते. कंबरेचा हात वर सरकला की गळा येतो. घोटा धरताना पायात पाय अडकला की कैची होते, आणि कैचीत गुडघा पिळवटला तर खेळाडूचा हंगाम, प्रसंगी कारकीर्दच संपते. प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम सीमारेषेबाहेर ढकलणेही नियमबाह्य आहे. हा नियम शहरातल्या सपाट क्रीडांगणावर किरकोळ वाटेल. मात्र उतारावरच्या गावात खाचरालगत दगडी बांध असतो, अंगणालगत गडगा असतो. तेथे रेषेबाहेर ढकलणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. नियम सर्वत्र एकच असतो, त्याचे वजन मात्र जागेप्रमाणे बदलते.

१४/१८
खेळाडूंच्या, विशेषतः विद्यार्थ्यांच्या, जिवावर बेतल्यावरच नियम बदलतात, हा जगाचाही अनुभव आहे. १९०५ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये इतके मृत्यू झाले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. त्यातूनच १९०६ मध्ये आज एनसीएए म्हणून ओळखली जाणारी संघटना उभी राहिली. अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीचे नियमही आज तीच संघटना करते. आइस हॉकीचा धडा तर आणखी कठोर आहे. डेन्व्हर विद्यापीठाकडून खेळलेला बिल मास्टरटन जानेवारी १९६८ मध्ये व्यावसायिक सामन्यात बर्फावर डोके आपटून दगावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. नव्या व्यावसायिक खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचे झाले ते १९७९ मध्ये. अपघात आणि नियम यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली.

१५/१८
बर्फावरचा तो खेळ आणि मातीतला हा खेळ यांत एक अनपेक्षित साम्य आहे. आइस हॉकीत साध्या गुन्ह्याला दोन मिनिटांची शिक्षा असते. खेळाडू बाहेर बसतो आणि त्याचा संघ एक गडी कमी घेऊन झुंजतो. आधुनिक कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांचे निलंबन आणि लाल म्हणजे सामन्यातून हकालपट्टी. पिवळ्या कार्डाच्या काळात संघाला कमी गड्यांनिशी खेळावे लागते. पूर्वी धोकादायक पकडीचा परिणाम मुख्यतः एवढाच होता की चढाई करणारा 'नाबाद' ठरायचा. म्हणजे अन्याय दुरुस्त व्हायचा, पण अन्याय करणारा मोकळा राहायचा. कार्डाने जबाबदारी थेट माणसावर आणि त्याच्या संघावर टाकली. सुरक्षेच्या इतिहासात हा मोठा बदल आहे. गुन्हा रद्द करणे आणि गुन्ह्याची किंमत वसूल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६/१८
खेळ मातीतून मॅटवर आला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी ही वाट घडवली. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डीचे प्रदर्शन झाले आणि १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ होतेच. आता ते घरोघरी पडद्यावर दिसू लागले. पंचाचे काम कानाकडून डोळ्याकडे आणि डोळ्याकडून कॅमेऱ्याकडे सरकले. मातीत रेषेवर पाय पडला की फक्की विस्कटते, पाऊल उमटते. पंच वाकून पाहू शकतो. मॅटवर रेषा पुसली जात नाही, पण पाऊलही उमटत नाही. पुरावा गेला, म्हणून चित्रफीत आली. मॅटवर खरचटणे कमी, पण बुटांची पकड घट्ट. पाय जागीच रोवला आणि शरीर वळले, तर भार गुडघ्यावर येतो. एक धोका घटला तर दुसरा वाढतो.

१७/१८
कॅमेरे आले म्हणून वाद मिटले का? ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८, सामना संपायला दीड मिनिटाहूनही कमी वेळ. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणाला स्पर्श न करता राखीव पट्टीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. किती जण बाद? जुना नियम एक सांगत होता, नवा नियम दुसरे. निर्णय पुन्हा पुन्हा बदलला आणि खेळ सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. चित्रफितीत पाऊल स्पष्ट दिसत होते. वाद होता तो कोणता नियम लागू, याचा. १९१८ पूर्वी दोन गावांचे संघ समोरासमोर आल्यावर जो प्रश्न उभा राहायचा, तोच शंभर वर्षांनी जगातल्या दोन बलाढ्य संघांपुढे उभा राहिला. यंत्र डोळ्याला मदत करते. निवाडा माणसालाच करावा लागतो.

१८/१८
आता शेवटचा आणि अजून अपुरा राहिलेला अध्याय. नियमानुसार दुखापतीसाठी खेळ थांबवता येतो, साधारण दोन मिनिटांपुरता. मुरगळलेल्या बोटाला हा वेळ पुरतो. डोक्याच्या माराला पुरत नाही. मेंदूला बसलेल्या धक्क्याची लक्षणे कधी कधी उशिराने दिसतात. म्हणूनच रग्बीच्या वरिष्ठ सामन्यांत संशयित खेळाडूला बाहेर नेऊन दहा मिनिटांहून अधिक वेळ तपासतात, तोवर बदली खेळाडू खेळतो.

पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीत, घाटातल्या वळणांच्या पलीकडे असलेल्या मैदानावर डॉक्टर, स्ट्रेचर किंवा कॅमेरा असेलच असे नाही. तेथे पंच हाच पहिला आणि बहुधा एकमेव सुरक्षारक्षक. पडलेला खेळाडू उठून 'मी बरा आहे' म्हणतो, संघाला गुण हवा असतो, प्रेक्षक ओरडत असतात. अशा वेळी त्याला बाहेर बसवण्याचे धैर्य पंचाकडे हवे. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे तो निर्णय मुकाट्याने मानण्याची सवय गावाकडे हवी.

शंभर वर्षांत कबड्डीने गळा वाचवला, कारण प्रथम कोणीतरी तो नियम लिहिला आणि नंतर हजारो अनामिक पंचांनी तो गर्दीच्या आरडाओरड्यात पाळायला लावला. डोक्याबाबतही दोन्ही कामे करावी लागतील. पुढच्या हंगामात खाचरातल्या सामन्याला जाल, तेव्हा चढाईपटूकडे पाहाच. त्याबरोबर रेषेवर वाकून उभ्या असलेल्या त्या माणसाकडेही थोडा वेळ पाहा. त्याची शिटी वाजली की सात जणांचे हात सुटतात. नियम छापणाऱ्यांनी कागदावर मांडलेली अपेक्षा त्या क्षणी, त्या मातीत खरी होते.

#महाराष्ट्राचा_इतिहास #कबड्डी #महाड #पोलादपूर